दहावा माणूस

दुपारी पावणेचारला आमच्याकडे नऊ माणसं होती.

तसं बघितलं तर पंधरा होती. आई, आत्या, दोन चुलतबहिणी, आत्येबहिणीचा सात वर्षांचा मुलगा आणि मी धरून. पण आम्ही सहाजण मोजणीत येत नव्हतो. मोजायचे ते फक्त तेरा वर्षांवरचे पुरुष. ते नऊ होते आणि दहा हवे होते. सूर्यास्त सव्वासातला होता आणि बाहेर रायगडातला जुलैचा पाऊस कोसळत होता.

त्या गुरुवारी पप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. म्हणजे आमच्या हिब्रू पंचांगाप्रमाणे. तेही चंद्रावर चालतं, त्यालाही अधूनमधून अधिक महिना लागतो, त्यामुळे तारीख दरवर्षी पुढेमागे होते. आईची एकच इच्छा होती. वर्षाची प्रार्थना ठाण्यात नको, गावच्या सिनेगॉगमध्ये व्हावी, जिथे पप्पांची बार मिट्झवा झाली होती.

थोडं आधीपासून सांगते. मी बेने इस्राएल. कोकणातली मराठी ज्यू. ऑफिसात नवीन कुणी आलं की आडनाव ऐकून विचारतं, "अलिबागकडची का गं तू?" मग नाव ऐकून, "अच्छा, ख्रिश्चन!" दोन्हींच्या मधे आम्ही राहतो. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नावं बायबलच्या जुन्या करारातली. आज्या नऊवारी नेसायच्या. शनिवारी चूल पेटायची नाही.

आता त्या नऊ माणसांकडे येते.

*

ज्यू माणूस एकटा प्रार्थना करू शकतो. घरी, ट्रेनमध्ये, कुठेही. पण काही गोष्टी एकट्याने करताच येत नाहीत. तोरा काढून तिचं जाहीर वाचन करता येत नाही. आणि मेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणता येत नाही. त्यासाठी दहाजण लागतात. त्या दहांच्या मंडळीला मिन्यान म्हणतात.

कद्दीश ही गंमतीची प्रार्थना आहे. ती मेलेल्यासाठी म्हणतात, पण तिच्यात मरण हा शब्द एकदाही येत नाही. भाषा हिब्रू नाही, अरामी. सगळी देवाची स्तुती. म्हणणारा उभा राहून एक वाक्य म्हणतो आणि बाकीच्यांनी मधे मधे "आमेन" म्हणायचं असतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला तोंडाने देवाची स्तुती करायची असते. ते त्या वेळी किती अवघड असतं, ते मी वर्षभर पाहिलं होतं. म्हणून ते एकट्याने म्हणायचं नाही. निदान नऊजण समोर हवेत, आमेन म्हणायला.

हे दहा कोण असावेत याला काही अट नाही. श्रीमंत नको, विद्वान नको, सज्जनही नको. नऊ मोठे पंडित बसले तर मिन्यान होत नाही. दहा तेली बसले तर होतो. तेली म्हणाले ते उगीच नाही. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावं त्यांना 'शनिवार तेली' म्हणायची.

दहा हा आकडा आला कुठून? जुन्या रब्बींनी तो बायबलमधल्या हेरांच्या गोष्टीवरून काढला. मोशेने नवा देश बघायला बारा हेर पाठवले. त्यातले दहा परत येऊन घाबरवणाऱ्या, वाईट गोष्टी सांगू लागले. त्या दहांना ग्रंथात 'मंडळी' म्हटलंय. म्हणून मंडळी म्हणजे दहा. म्हणजे बघा, आमच्या पवित्र आकड्याचा आधार दहा कुरकुऱ्या माणसांवर आहे. लहानपणी पप्पांनी हे सांगितलं तेव्हा मी खूप हसले होते. ते म्हणाले, "बरंच आहे की. चांगलीच माणसं हवीत म्हटलं असतं तर आपल्या गावात कधी दहा झाले असते का?"

आणि माणसं एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. माणसांवर आकडे टाकायचे नाहीत, असा दंडक आहे. म्हणून स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वाक्य घेतात आणि एकेका माणसावर एकेक शब्द टाकत जातात. वाक्य पुरं झालं की मंडळी पुरी. मी सहा-सात वर्षांची असताना पप्पांचा हात धरून ओळीत उभी राहायचे. प्रार्थना चालवणारे काका शब्द टाकत यायचे. पप्पांवर एक शब्द पडायचा आणि पुढचा माझ्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या माणसावर पडायचा. मला वाटायचं, मी लहान आहे म्हणून. मोठी झाले की पडेल.

*

ठाण्याहून, पनवेलहून, मुंबईहून मिळून अकराजण येणार होते. मी आठवडाभर फोन करून पक्कं केलं होतं. एका एक्सेलमध्ये नावं होती, कोण कुणाच्या गाडीत ते होतं. सकाळी एकाचा रक्तदाब वाढला. एक गाडी वडखळच्या अलीकडे कुठेतरी पाण्यात बंद पडली. तिच्यातला एकजण मागून येणाऱ्या एसटीत चढला, दुसरे सत्तरीचे होते, त्यांना घरच्यांनी परत नेलं. उरले नऊ.

एक काळ होता की आमच्या आळीतून हाक मारली तरी तीस पुरुष जमायचे. नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. आता गावात आमची चारच घरं उघडी आहेत आणि सिनेगॉगची किल्ली एका काकांकडे असते. ते बँकेतून निवृत्त झालेत. पूर्णवेळ हझान नाही, म्हणून प्रार्थनाही तेच चालवतात.

काका म्हणाले, "थांबू. मिन्खाची वेळ सूर्य मावळेपर्यंत आहे. शोध अजून कुणी."

मी व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर टाकलं. लगेच उत्तरं आली. हात जोडलेले, मेणबत्त्या, एकाचं रडणारं तोंड. लोदहून मामेभावाने व्हॉइस नोट पाठवली, "अगं, आमच्या बिल्डिंगमध्ये सहज चाळीस मिळतील. इकडे असतीस तर..." इकडे असते तर पुष्कळ काही झालं असतं.

शेजारचे दादा मिनिडोर चालवतात. ते सकाळपासून मंडळींना स्टँडवरून आणत होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मी बसू का टोपी घालून? भाऊंसाठी बसलो तर काय बिघडणारे?" काका हसले नाहीत. त्यांनी दादांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही बसा आमच्यात. मोजता येणार नाही, एवढंच."

दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखंच."

*

तालमुदमध्ये एक वचन आहे. सगळं इस्राएल एकमेकांसाठी 'अरेव' आहे, असा त्याचा अर्थ. इंग्रजी पुस्तकांत याचं भाषांतर 'जबाबदार' असं करतात आणि ते अगदी गुळगुळीत वाटतं. शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं. पण अरेव हा बाजारातला शब्द आहे. इस्रायलमध्ये आजही तुम्ही कर्ज काढलंत आणि दुसऱ्या कुणी खाली सही केली, तर त्या सही करणाऱ्याला अरेव म्हणतात. आपल्याकडे त्याला जामीन म्हणतात.

जामीन म्हणजे काय हे आमच्या घराला चांगलं माहीत आहे. मी आठवीत असताना पप्पांनी ऑफिसातल्या एकाला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन दिला. तो माणूस नोकरी सोडून नाहीसा झाला आणि हप्ते पप्पांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली. तीन वर्षं. आई चिडली, रडली. माझा क्लास बंद झाला. पप्पा एकच वाक्य म्हणायचे, "सही केली होती ना." तो माणूस चांगला होता की वाईट, त्याने फसवलं की त्याची खरंच अडचण होती, यावर ते कधीच बोलले नाहीत. जामिनाच्या कागदावर तो रकानाच नसतो.

बायबलमध्ये जामिनाची एक गोष्ट आहे. याकोबाला धाकट्या बेन्यामीनला दुष्काळात मिसरला पाठवायचं नसतं. तेव्हा यहूदा पुढे होतो आणि सांगतो, मी त्याला जामीन राहतो, तो परत आला नाही तर जन्मभर दोषी मी. हा यहूदा कोण? ज्याने पूर्वी योसेफला, आपल्या सख्ख्या बापाच्या मुलाला, विकायची कल्पना काढली तोच. एका भावाला विकणारा दुसऱ्या भावासाठी जामीन राहतो. आणि यहूदी हा शब्द त्याच्याच नावावरून आलाय.

योम किप्पूर हा आमचा उपासाचा, माफीचा दिवस. आजी त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणायची, कारण दारं लावून घरातच राहायचं असायचं. त्या दिवशी पापांची एक लांब यादी म्हणतात, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने. सगळी यादी अनेकवचनी. आम्ही चोरी केली, आम्ही खोटं बोललो, आम्ही फसवलं. मी कॉलेजात असताना पप्पांशी यावरून वाद घातला होता. मी चोरी केलीच नाही तर मी का म्हणू? ते म्हणाले, "शेजारी बसलाय त्याने केली असेल. त्याला एकट्याला म्हणायला लाज वाटेल."

आणि एक जुना दृष्टांत आहे, रब्बी शिमोन बार योखाय यांच्या नावावरचा. होडीत काही माणसं बसलीत. एकजण आपल्या जागेखाली भोक पाडू लागतो. बाकीचे ओरडतात. तो म्हणतो, तुम्हाला काय त्याचं, मी माझ्याच जागेखाली पाडतोय. हा दृष्टांत जगभरचे ज्यू सांगत असतील, पण आम्हाला तो जरा जास्त लागतो. कारण आमची गोष्टच फुटलेल्या जहाजापासून सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचल्या, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. त्यांच्यापासून आम्ही. वाहून आलेली प्रेतं तिथेच पुरली, असंही सांगतात. नवगावला आता तिथे स्मारकस्तंभ आहे. मी शाळेत असताना पप्पांना विचारलं होतं, "सात पुरुष? मग दहा कसे झाले?" ते म्हणाले, "त्यांच्या पोरांची वाट बघितली असेल."

*

हे सगळं सांगायला छान आहे. पण मी जर इथेच थांबले तर खोटं बोलल्यासारखं होईल.

कारण जामीन राहायचं तर आधी कुणीतरी तुम्हाला आपल्यात मोजावं लागतं. आणि मोजणीतून माणसं वगळायचा आमचा इतिहास लांबलचक आहे.

सुरुवात आमच्यापासूनच. बेने इस्राएलांमध्ये गोरे आणि काळे असे दोन भाग होते. आईवडील दोघेही बेने इस्राएल असलेले ते गोरे. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची आई आली असं मानलं जायचं ते काळे. प्रार्थना एकच, देव एकच, आडनावंही तीच. पण रोटीबेटी नाही. हे आम्ही कुठून शिकलो ते सांगायला नको. आजूबाजूला शाळा मोठी होती.

मग आमच्यावर पाळी आली. मुंबईत एकोणिसाव्या शतकात बगदादकडून ज्यू व्यापारी आले. ससूनांचं घराणं त्यांतलंच. पुण्याचं लाल देऊळ त्यांनीच बांधलेलं. सुरुवातीला ते आमच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला यायचे. मग त्यांची प्रार्थनास्थळं झाली आणि त्यांच्यातल्या काहींना आमच्या ज्यूपणाचीच शंका येऊ लागली. साडी नेसणारे, मराठी बोलणारे, तेल गाळणारे हे कसले ज्यू? मिन्यानसाठी बेने इस्राएल माणूस मोजायचा नाही, असंही काही ठिकाणी चालायचं. म्हणजे नऊ बगदादी दहाव्याची वाट बघत बसतील, पण समोर उभ्या असलेल्या पेणकरांना मोजणार नाहीत. रंगूनमध्ये तर १९३०च्या दशकात प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांना हक्क आहे की नाही, हे एका इंग्रज न्यायाधीशाला ठरवावं लागलं. निकाल आमच्या बाजूने लागला.

आणि मग इस्रायल. माझ्या आजीचे दोन भाऊ गेले ते आनंदाने गेले, मनात हे होतं की आता तरी कुणी विचारणार नाही. तर १९६२ साली तिथल्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने लग्नं नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएल माणूस लग्नाला आला तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. फक्त आमच्या. आमची माणसं रस्त्यावर उतरली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, प्रश्न त्यांच्या संसदेत गेला, आणि अखेर त्या सूचनांतून आमचं नाव काढावं लागलं. आजीचे थोरले भाऊ त्या आंदोलनात होते. त्यांचा एक फोटो आमच्याकडे आहे. पांढरा शर्ट, हातात हिब्रू फलक. आजी म्हणायची, तो हिब्रूत भांडत होता पण शिव्या मराठीत देत होता.

म्हणून मला 'एकी' या शब्दाची थोडी भीती वाटते. एकीची भाषणं करणाऱ्यांच्या हातात बऱ्याचदा मोजणीची वही असते.

*

साडेपाच वाजले. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "वाडीवाल्यांना फोन कर."

खोलीतलं बोलणं थांबलं.

वाडीवाले काका म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ. सिनेगॉगपासून चार किलोमीटरवर राहतात. माझ्या एक्सेलमध्ये त्यांचं नाव नव्हतं. नारळीच्या वाडीचा बांध आणि दोघांच्यात असलेली विहीर, यावरून एकोणीस वर्षं कोर्टात दावा चालू होता. एकोणीस वर्षं पप्पा आणि ते एकमेकांशी बोलले नव्हते. पप्पांच्या दफनालाही ते आले नव्हते. निदान मला दिसले नव्हते.

मी म्हटलं, "नाही करणार."

आई म्हणाली, "मग मी करते." आणि तिला तो नंबर पाठ होता.

मी तिच्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, अपमान व्हायचाच असेल तर माझा होऊ दे. काकांनी उचलला. मी नाव सांगितलं. बराच वेळ पलीकडून नुसता पावसाचा आवाज येत होता. मी म्हटलं, "काका, पप्पांचं वर्ष आहे आज. नऊच आहेत."

ते म्हणाले, "मघाशीच का नाही सांगितलंस?" आणि मग, "बाईक बंद आहे. कुणाला तरी पाठव."

दादांनी मिनिडोर काढली.

साडेसहाच्या सुमाराला काका आले. शहात्तर वर्षांचे, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली किप्पा. कुणाशी काही बोलले नाहीत. दारावरच्या मेझुझाला हात लावून बोटं ओठांना लावली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. बँकवाले काका दहा शब्द टाकत गेले. दहावा शब्द वाडीवाल्या काकांवर पडला.

पप्पांना मुलगा नाही, म्हणून कद्दीश त्यांचे धाकटे भाऊ म्हणत होते. बाप गेल्यावर मुलगा अकरा महिने रोज कद्दीश म्हणतो. बारा नाही, कारण बारा महिने दुष्ट माणसाला लागतात असं मानतात, आणि आपला बाप तसा होता असं कुठला मुलगा म्हणेल? आमच्यासाठी ते अकरा महिने चुलत्यांनी जमेल तेव्हा, जमेल तिथे पार पाडले होते. मी ती प्रार्थना देवनागरीत लिहून फोनवर ठेवली होती आणि पाठ केली होती. बँकवाले काका सकाळीच म्हणाले होते, "बायकांच्या बाजूला उभी राहून तूही त्याच्याबरोबर हळू म्हण. मी काही ऐकणार नाही." म्हणून मी म्हटली. प्रत्येक थांब्याला मागच्या बाकावरून सगळ्यात मोठा "आमेन" येत होता. इतका मोठा की आत्येबहिणीच्या मुलाने वळून बघितलं.

*

नंतर मलिदा होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. दादांना पहिली बशी दिली. वाडीवाले काका घाईने निघाले होते. मी बशी घेऊन ओट्यावर त्यांच्या मागे गेले. आभार मानले.

ते म्हणाले, "आभार कसले त्यात. माझी आई गेली तेव्हा दोन हजार चौदा. नऊच होते आमच्याकडे. तुझा बाप आला. कुणी बोलावलं होतं कुणास ठाऊक. माझ्या आईसाठी आमेन म्हणाला, पाणीसुद्धा प्यायला नाही, गेला."

मी म्हटलं, "ते काही बोलले नाहीत घरी."

"बोलायचं काय त्यात? पुढच्याच आठवड्यात कोर्टात तारीख होती. तिथे त्याच्या वकिलाने मला चोर म्हटलं." मग त्यांनी बशी घेतली, उभ्यानेच मलिदा खाल्ला आणि म्हणाले, "विहिरीचं मी सोडणार नाही. सांगून ठेवतो. दावा आता तुझ्या नावावर आलाय."

मी म्हटलं, "मीही नाही सोडणार."

"मग ठीक," ते म्हणाले.

दावा अजून चालू आहे. पुढची तारीख फेब्रुवारीत आहे.

त्या संध्याकाळचं मला इतकंच कळलं की पप्पांनी दोन सह्या केल्या होत्या. एक पतपेढीत आणि एक आपल्या चुलतीच्या वर्षाला, भिजत येऊन. दुसरी मला माहीतच नव्हती. एकी म्हणजे एकमेकांवर प्रेम असणं, एकमत असणं, असं मला कायम सांगितलं गेलं होतं. त्या दोघांत यातलं काहीच नव्हतं. तरी एकाने बोलावलं आणि दुसरा आला, कारण तो आला नसता तर पहिल्याचं मेलेलं माणूस तसंच राहिलं असतं.

आणि माझा राग? तो आहे. मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी पुढाकार घेऊन उदारमतवादी ज्यू मंडळ काढलं. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. जगात कितीतरी ठिकाणी आज बायकांना मिन्यानमध्ये मोजतात. आमच्या गावात मोजत नाहीत. नऊ पुरुष आणि सहा माणसं पावणेतीन तास दहाव्याची वाट बघत बसली आणि त्यातल्या एकीने तर तो सगळा मेळ जमवला होता. मी हे बँकवाल्या काकांना म्हटलं. ते म्हणाले, "तू म्हणतेस ते मला कळतं. पण मी बदलू शकत नाही." मी म्हटलं, "मग कोण बदलणार?" त्यावर त्यांनी सिनेगॉगला कुलूप लावलं आणि छत्री उघडून मला तिच्यात घेतलं. उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारणार आहे.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. गावातल्या एका आजींचं वर्ष, रविवारी. मुलगा नेवातीमला असतो, तो येतोय, पण आठच होताहेत. "तुझ्याकडे ती यादी आहे ना?"

यादी आहे. आता तिच्यात सत्तावीस नावं आहेत, कोण शनिवारी गाडी चालवत नाही, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं कुणाशी पटत नाही आणि म्हणून कुणाला कुणाच्या गाडीत बसवायचं नाही, सगळं लिहिलेलं. वाडीवाल्या काकांच्या नावापुढे लिहिलंय : बाईक बंद असते, गाडी पाठवावी.

मी पहिला फोन त्यांनाच लावला.